तंबूशेजारी टीव्हीची छत्री: घडीच्या तिपायी संचाचं परीक्षण

जांबोटी मागे पडली की मोबाईलची रेंज लपंडाव सुरू करते, आणि कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी ती नसतेच. त्यामुळे खानापूर तालुक्यात काजूच्या बागेत, शेतघराच्या अंगणात किंवा परवानगीच्या जागी तंबू टाकणाऱ्यांत घडीच्या डीटीएच डिशला गिऱ्हाईक आहे, विशेषतः मॅचच्या दिवसांत. बेळगावात मिळणारा असा एक संच इथे तपासला आहे. 60 सेंमीची ऑफसेट डिश (सिग्नल पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या कडेकडे असतो ती), एक एलएनबी (म्हणजे दांडीच्या टोकावरचा तोच सिग्नल पकडणारा भाग), घडीची लोखंडी तिपाई, 10 मीटर आरजी-6 केबल आणि सुईचा सिग्नल फाइंडर. खोक्यावर कंपनीचं नाव नाही. किंमत तीन हजारांच्या आतबाहेर, सेट-टॉप बॉक्स वेगळा.

डिश आणि एलएनबी चांगले आहेत. केबल चालण्यासारखी आहे. तिपाई मात्र आहे तशी वापरू नका.

तिपाईचा मधला पाईप दोन तुकड्यांचा आहे. वरचा तुकडा खालच्यात साधारण 10 सेंमी आत जातो आणि एका पिळाच्या स्क्रूवर अडकतो. दोन पाईपांत एक मिलिमीटरची पोकळी राहते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 10 सेंमीवर एक मिलिमीटर म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त डुलणं. केयू बँडवर (डीटीएचचे सिग्नल ज्या लहरींवर येतात तो पट्टा) 60 सेंमीच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, म्हणजे मधोमध धरल्यावर दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. त्यातला तिसरा हिस्सा पाईपच खाऊन टाकतो. वारा सुटला की चित्राचे चौकोन पडतात आणि लोक एलएनबीला शिव्या देतात. उपाय स्वस्त आहे. वरच्या पाईपवर पत्र्याची पट्टी गुंडाळून पोकळी भरा आणि सांध्याला आरपार भोक पाडून 8 मिमीचा बोल्ट घाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे दहा मिनिटांचं काम. तिथवर गेलाच आहात तर कोन बदलायच्या क्लॅम्पचे साधे वॉशर काढून स्प्रिंग वॉशर टाकून घ्या, कारण क्लॅम्पच्या फटीतला नट दोन-तीनदा कसला-सोडला की घसरायला लागतो.

जागा निवडताना आधी आग्नेय दिशा बघा. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या फुकट सेवेच्या वाहिन्या जीसॅट-15 वरून येतात. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेला हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. बेळगावातून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने 128 अंशांवर आणि क्षितिजापासून 61 अंश उंच दिसतो. निपाणीपासून लोंढ्यापर्यंत यात फरक पडला तर एखाद्या अंशाचा, त्यामुळे संपूर्ण पट्ट्याला हेच आकडे चालतात. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंशांवर आहे. त्यासाठी दिशा 151 आणि उंची 69 धरा.

उंची 61 अंश असणं हे रानात सोयीचं आहे. समोरचं झाड डिशपेक्षा जितकं उंच, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर सुटलं तरी भागतं. दहा मीटर उंचीचा ऐन किंवा जांभूळ आग्नेयेला असेल तर साडेपाच मीटर हा हिशोब. फांद्यांचा घेर धरून सात मीटर सोडा. काजूची झाडं बुटकी, त्यांचा त्रास नाही. बांबूचं बेट मात्र टाळा. ते हलतं, आणि सिग्नल येतो-जातो असा होतो की बिघाड कुठे आहे तेच कळत नाही.

तिपाई ठेवल्यावर पहिलं काम पाईप सरळ उभा करायचं. ओळंबा किंवा लहान लेव्हल दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात, लावून बघा. पाईप दोन अंश कलला असेल तर क्लॅम्पवरचे आकडे खोटे ठरतात, आणि डिश आडवी फिरवताना उंचीही आपोआप बदलत जाते. मग माणूस तासभर गोल फिरत बसतो. ऑफसेट डिश असल्यामुळे 61 अंशांसाठी तिचं तोंड आकाशाकडे वळवलेलं दिसत नाही. उभ्या रेषेपासून ती साधारण 36-37 अंश मागे कललेली असते. क्लॅम्पवर छापलेले आकडे मुळात उंचीचेच असतात, तेव्हा 61 वरच लावा, वजाबाकी करू नका.

दिशेसाठी मोबाईलचा कंपास चालतो, पण तिपाईपासून तीन-चार पावलं मागे उभं राहून. लोखंडाजवळ धरला की तो हवं ते दाखवतो. 128 अंशांच्या रेषेत लांबचं एखादं झाड किंवा खांब हेरून ठेवा आणि डिशची दांडी त्याच्याकडे करा.

आता एलएनबी पिळायचा. शहरातली बसवणारी पोरं हे सवयीने करतात, म्हणून घरच्या लोकांना ते ठाऊक नसतं. बेळगावसाठी हा पीळ हिशोबाने 49 अंश येतो. डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड करा आणि एलएनबी घड्याळाच्या उलट्या दिशेने जवळजवळ अर्धा काटकोन फिरवा. संचासोबत आलेल्या चिठ्ठीत एलएनबी सरळ दाखवलाय. तसा ठेवलात तर फाइंडरची सुई उडते, बॉक्सवर स्ट्रेंग्थ दिसते आणि क्वालिटी तळाला राहते.

स्ट्रेंग्थवर विसंबू नका. ती एलएनबी जिवंत आहे एवढंच सांगते. डिश जमिनीकडे केली तरी बरीचशी दिसते. बघायची ती क्वालिटी. डिश दोन-तीन मिलिमीटर सरकवायची आणि दोन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवणारा नेमका उपग्रहावरून पुढे निघून जातो. आधी आडवं, मग उंची, शेवटी पीळ, आणि तीनही परत एकदा. नट कसताना 13 नंबरच्या पान्याने दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या आवळा. एकच बाजू पक्की केली की डिश अंशभर तिरकी होते.

सुईचा फाइंडर खरं तर नसला तरी चालेल. कुठल्याही उपग्रहावर तो ओरडतो, हा आपलाच की शेजारचा ते त्याला कळत नाही.

वाऱ्याचा हिशोब मात्र नीट करा. 60 सेंमीच्या डिशवर ताशी 60 किमीचा वारा समोरून आला तर साधारण सहा किलोचा ढकल बसतो, 90 किमीला तेराच्या आसपास. या तिपाईचे पाय मध्यापासून 45 सेंमीवर टेकतात, म्हणजे दोन पायांमधली कलंडायची रेघ मध्यापासून फक्त साडेबावीस सेंमीवर येते. डिश एक मीटर उंच ठेवली तर 60 किमीच्या वाऱ्याला तोंड द्यायला 25 किलोहून जास्त वजन लागतं. तीच 60 सेंमीवर आणली तर 16 किलो पुरतात. तेव्हा पाईप पूर्ण वर ओढायचा मोह सोडा. वजनासाठी रेतीचं पोतं मधल्या हुकाला टांगा, पण ते जमिनीला जेमतेम टेकेल एवढ्या उंचीवर, नाहीतर झोके घेतं.

जमिनीचंही बघावं लागतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्यावर खुंटी आत जातच नाही. तिथे पायांवर दगड रचा. बेळगावच्या पूर्वेला काळी माती लागते, ती पावसाने फुगते आणि पाय रुततात. सकाळी लावलेली डिश संध्याकाळी कललेली मिळते. प्रत्येक पायाखाली वीतभर फळीचा तुकडा द्या.

केबलच्या टोकाचे एफ कनेक्टर या संचात पिळून बसवायचे आहेत, दाबून बसवलेले नाहीत. केबलच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला की संपलं, कारण याच केबलमधून बॉक्स वर एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो. म्हणून जोडाजोडी नेहमी बॉक्स बंद ठेवून करा. एलएनबीपाशी केबलला खाली लोंबणारा एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, कनेक्टरात शिरणार नाही. दहिवर पडणाऱ्या रात्रींनाही हे लागू आहे.

विजेचं साधं गणित: बॉक्स दहा वॅट, 24 इंची 12 व्होल्टचा टीव्ही 25 ते 30 वॅट. टी-20 सामन्याला साडेतीन तास धरले तर 130-135 वॅट-तास हवेत. सात अँपियर-तासाची छोटी लेड बॅटरी निम्म्यापर्यंत वापरली तर तासाभरात दम टाकते. पंधरा अँपियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सामना काढते. गाडीच्या बॅटरीवरही निघतो, फक्त ती जुनी नसावी.

मिळतं काय तर डीडी स्पोर्ट्स, मराठी सह्याद्री, कन्नड चंदना आणि बाकी फुकट वाहिन्या, महिन्याचं भाडं नाही. घरात आजीला सह्याद्री आणि पोरांना चंदना असला मामला इकडे नवा नाही. एमपेग-4 (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालणारा बॉक्स घ्या, त्यात वाहिन्या जास्त दिसतात. इंटरनेट या डिशवर येत नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी परदेशातून उपग्रह इंटरनेटची डिश पिशवीत घालून आणायच्या भानगडीत पडू नये. परवान्याशिवाय ती वापरणं कायद्यात बसत नाही.

मुसळधार पावसात चित्र जाणारच. केयू बँडचा तो स्वभाव आहे, डिश हलवायला धावू नका. सर ओसरली की परत येतं. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबर संपता-संपता काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास पाच-दहा मिनिटं चित्र जातं, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे असतो. वळवाचा गडगडाट सुरू झाला तर मात्र केबल बॉक्समधून काढा आणि पाईप खाली करा. उघड्या सड्यावर उभा लोखंडी दांडा ठेवू नये.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबूच टाकता येत नाही, मग डिशचा प्रश्न कुठला.

आवरताना डिश आणि क्लॅम्प सुटे करू नका, एकत्रच ठेवा. उंचीच्या फटीवर आणि एलएनबीच्या गळ्यावर पक्क्या मार्करने खूण करून ठेवलीत तर पुढच्या मुक्कामी फक्त पाईप सरळ करणं आणि दिशा शोधणं एवढंच उरतं. संचाची पिशवी पातळ कापडाची आहे आणि डिशची कड तिला फाडते. गोणपाटाचं पोतं बरं.