हवामानबदलाला हातभार लावणाऱ्या तेल-कोळसा कंपन्यांचे शेअर विकून मोकळं व्हावं की धरून ठेवून कंपनीला जाब विचारावा?

२०२१ मध्ये दोन्ही वाटा दिसल्या. नेदरलँड्सच्या एबीपी या पेन्शन फंडाने तेल, वायू, कोळसा कंपन्यांतली १५ अब्ज युरोंहून अधिक गुंतवणूक काढून घ्यायचं जाहीर केलं. इशारा खणखणीत, पण विकलेला शेअर दुसरं कोणीतरी घेतं आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभेतलं आपलं मत जातं.

एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीच्या सभेत उलटं घडलं. ‘इंजिन नंबर वन’ या फंडाकडे जेमतेम ०.०२ टक्के शेअर. कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांचा पेन्शन फंड पाठीशी राहिला, ब्लॅकरॉक या बड्या गुंतवणूक कंपनीनेही मतं दिली आणि संचालक मंडळावर ‘इंजिन नंबर वन’चे तीन उमेदवार निवडून आले. मला हीच वाट पटते. मात्र तिला मुदत हवी: चर्च ऑफ इंग्लंडच्या पेन्शन बोर्डाने वर्षानुवर्षं बोलणी करून २०२३ मध्ये शेल या तेल कंपनीतून बाहेर पडायचं ठरवलंच.