पानगळीनंतरचा रिकामा वाफा : खणावा, झाकावा की पेरावा?

शेवटची भाजी काढून झाली, वेलींचे सांगाडे उपटले, की वाफा रिकामा होतो आणि वसंतातल्या लागवडीपर्यंत त्याचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. हिवाळ्यात जमीन गोठते अशा भागातील बागेसाठी यावर तीन मार्ग आहेत : माती खणून उघडी ठेवणे, पालापाचोळा किंवा कंपोस्ट पसरून ती झाकणे, अथवा हिरवळीच्या खताचे, म्हणजे कापून मातीलाच खत म्हणून देण्यासाठी वाढवलेले, पीक पेरणे. यांतून निवड करताना आपली माती भारी आहे की हलकी, आणि वसंतात त्या वाफ्यात पहिले बी कधी पडणार, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो.

खणणीचा खरा लाभ भारी चिकणमातीला होतो. ढेकळांत मुरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते, त्या ताणाने ढेकळे फुटतात आणि कुदळीला दाद न देणारी माती हिवाळा सरेपर्यंत हाताने मोडता येईल इतकी मोकळी होते. मात्र खणणी वाफसा असतानाच, म्हणजे माती ना चिखलट ना कोरडी असतानाच करावी. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि अंगठ्याने टोचावा. गोळा फुटला तर खणण्यास हरकत नाही, नुसताच दबला तर थांबावे, कारण ओल्या चिकणमातीत कुदळ घातली की तिचा पोत बिघडतो. रेताड मातीत मात्र या खणणीने तोटाच अधिक होतो. नायट्रेट रूपातील नत्र मातीच्या कणांना धरून राहत नाही, त्यामुळे उघड्या हलक्या जमिनीतून ते हिवाळी पावसाबरोबर मुळांच्या टप्प्याखाली निघून जाते. शिवाय खणताना गांडुळांची बिळे मोडतात आणि खोल गाडलेले तणाचे बी उजेडात येऊन रुजते.

आच्छादन हा सर्वांत कमी कष्टाचा आणि माझ्या मते बहुतेक बागांना मानवणारा मार्ग आहे. पाच ते सात सेंटीमीटर जाडीचा थर पुरतो. पाने शक्यतो चुरून घालावीत, कारण अखंड रुंद पाने भिजून एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा हवाबंद पापुद्रा तयार होतो. सुकी पाने मातीत मिसळण्याचा मोह टाळावा : त्यांत कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असते, म्हणून ती कुजवणारे जीवाणू मातीतलेच नत्र वापरतात आणि वसंतातली रोपे पिवळी पडतात. वरच पसरलेल्या पानांमुळे हा त्रास जवळजवळ होत नाही. हिवाळ्याच्या शेवटी थराचा कोपरा उचलून पाहावा. खालची पाने काळी, मऊ झालेली असतात आणि मातीवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या पसरलेल्या दिसतात. आच्छादनाची उणीव अशी, की त्याखालची जमीन उशिरा तापते आणि तिथे गोगलगाई आसरा घेतात. म्हणून मटार किंवा गाजर लवकर पेरायचे असेल, तर पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे थर बाजूला सारावा.

हिरवळीचे पीक सर्वांत जास्त देते, पण वेळेची शिस्तही तेवढीच मागते. कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी किमान चार ते सहा आठवडे बी जमिनीत पडले पाहिजे. ती वेळ टळली असेल, तर सरळ आच्छादन घालावे. राय या गव्हासारख्या तृणधान्याची दाट मुळे उरलेले नत्र शोषून वाहून जाण्यापासून वाचवतात, तर क्लोव्हर आणि व्हेच ही द्विदल पिके मुळांवरच्या गाठींतील जीवाणूंच्या मदतीने हवेतले नत्र स्थिर करतात. वसंतात क्लोव्हरचे एक रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने चिरावी; आत गुलाबी रंग दिसला, तर जीवाणूंचे काम चालू आहे. ही पिके फुलावर येण्यापूर्वी कापावी लागतात. राय कापल्यानंतर तिच्या अवशेषांतून बारीक बियांची उगवण रोखणारी द्रव्ये सुटतात. मी एकदा घाईने आठवड्याभरातच गाजर पेरले आणि जवळपास सगळे बी वाया गेले. तेव्हापासून तीन-चार आठवडे थांबतो. मोहरी तीव्र थंडीत आपोआप मरते, त्यामुळे ती सोयीची आहे. पण ती कोबीच्या कुळातील असल्याने पुढे कोबी किंवा फ्लॉवर लावायचा असेल त्या वाफ्यात पेरू नये.

तेव्हा टोमॅटो, भोपळा यांसारखी उशिरा लागणारी पिके घ्यायची असतील, तर हिरवळीला पुरेसा अवधी मिळतो आणि मी तीच निवडेन. लवकर पेरणीच्या वाफ्यासाठी पानांऐवजी मुरलेल्या कंपोस्टचा थर बरा, कारण तो हटवावा लागत नाही. त्यातच बी पेरता येते. नवी, घट्ट चिकणमाती असेल तर पहिल्या वर्षी एकदा खणावी आणि पुढच्या पानगळीपासून झाकत जावे. रोगट पाने आणि वेली मात्र तिन्ही मार्गांत वाफ्याबाहेर काढाव्यात. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) तपासून चुना लागणार असेल, तर तोही याच दिवसांत घालावा, कारण त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात.