सिल्कस्क्रीन म्हणून विकलेली डेकल शीट: माझी फसवणूक कशी झाली

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडच्या हवाईतळावर मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, त्या दिवशी आप्पा टीव्हीसमोरून उठलेच नाहीत. १९७० साली ते ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला लागले. नाशिककर त्या वसाहतीला आजही नुसतं 'मिग' म्हणतात, ते या विमानावरूनच. पंखांच्या विभागात रिव्हेट मारण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि सगळी नोकरी तिथेच काढली. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की आप्पांना मिग-२१ च्या एफएल प्रकाराचं १/७२ मापाचं मॉडेल करून द्यायचं. रंग न दिलेलं, उघड्या धातूचं, सुरुवातीला हवाई दलात होतं तसं.

किट घरात होतं. पण खोक्यातली डेकल शीट, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचा कागद, जुनी, पिवळी पडलेली आणि तीही सोव्हिएत लाल ताऱ्यांची. भारतीय खुणा वेगळ्या घ्याव्या लागणार होत्या, आणि तिथेच मी फसलो. एकदा नाही, त्याच माणसाकडून दोनदा. त्या निरोपानंतर मिग-२१ च्या मॉडेलला आणि डेकलना एकदम मागणी आली आहे, त्यामुळे आणखी कुणी या जाळ्यात सापडू नये म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

ऑनलाइन सापडलेल्या एका विक्रेत्याने शीटचा फोटो दाखवला तो अप्रतिम होता. कडा धारदार, रंग भरीव. मी मुद्दाम विचारलं, "प्रिंट कोणती?" उत्तर आलं, "सिल्कस्क्रीन, सर. खाली पांढऱ्या शाईचा थर आहे." किंमत १,६५० रुपये, कुरिअर वेगळं. यूपीआयने पैसे पाठवले. आठ दिवसांत पाकीट आलं.

तो पांढऱ्या शाईचा थर इतका महत्त्वाचा का, हे नवीन मंडळींसाठी सांगतो. हवाई दलाच्या गोल खुणेत बाहेर भगवं कडं, मध्ये पांढरं आणि आत हिरवी टिकली असते. सिल्कस्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाची शाई वेगळी, जाड आणि अपारदर्शक बसते. आधी पांढरी, मग तिच्यावर बाकीचे रंग. घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. पांढऱ्या जागी तो काहीच छापत नाही आणि बाकीचे रंगही पारदर्शक राहतात. शीट निळसर कागदावर असताना हे नीट कळत नाही. मॉडेलवर चढवली की खालचा रंग वर दिसतो. चंदेरी विमानावर पांढऱ्याच्या जागी चंदेरीच दिसणार.

माझ्या बाबतीत तेच झालं, पण मला ते तेव्हा उमगलं नाही. मी नेहमीच्या पद्धतीने काम केलं. विमानावर आधी चकचकीत काळा, त्यावर एअरब्रशने अॅल्युमिनियम, दोन दिवस वाळवणं. मग डेकल कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद, टिश्यूवर मिनिटभर, पंखावर मायक्रो सेटचा (डेकल नीट बसवणाऱ्या द्रावणाचा) थेंब आणि ब्रशने हळूच सरकवून जागेवर. पहिली खूण बसली तेव्हाच ती मळकट वाटली. वरून मायक्रो सोल हे डेकल मऊ करणारं द्रावण लावलं. त्याने डेकल आधी सुरकुतते, मग मऊ पडून पॅनलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेघांत उतरते, तेवढा वेळ तिला हात लावायचा नसतो. मी हात लावला नाही. पाच मिनिटांनी पाहिलं तर भगवा रंग फुटून मधल्या कड्यात पसरला होता आणि हिरव्याची कड विरघळली होती. अंक पुसल्यासारखे झाले होते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे. "सर, ग्लॉस कोट नीट मारला नसेल. सिल्व्हरिंग आहे हे. आणि सोल्यूशन जास्त झालं. नवीन लोकांचं होतं असं."

या छंदात डेकल बिघडली की दोष स्वतःचाच मानायची आपल्याला सवय असते, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि चकाकणारे डाग दिसतात. तेच सिल्व्हरिंग, आणि म्हणूनच आधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. मी बावीस वर्षं मॉडेल करतो आहे, हे मला माहीत होतं. तरीही मी त्याचं म्हणणं मान्य केलं. माझा अॅल्युमिनियमचा थर आधीच आरशासारखा गुळगुळीत होता, तिथे हवा अडकायला जागाच नव्हती, हा साधा विचार त्या क्षणी डोक्यात आला नाही. त्याने शंका माझ्या हातांवर वळवली आणि मी शीटकडे पाहायचंच सोडून दिलं.

मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पंखांचा रंग उतरवला. पुन्हा काळा, पुन्हा अॅल्युमिनियम, आणि या वेळी वरून ग्लॉसचे दोन पातळ हात. तीन आठवडे त्यातच गेले. आणि त्याच माणसाकडून दुसरी शीट मागवली. त्याने शंभर रुपये सवलत दिली, मी त्याचे आभारही मानले.

दुसऱ्या शीटचं पाकीट उघडलं तेव्हा आप्पा शेजारी बसले होते. त्यांनी शीट खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "हा भगवा नाही रे. गुलाबी मारतोय." मग त्यांनी त्यांच्या हत्यारांच्या डब्यातून दहापट मोठं दाखवणारं भिंग काढलं. भिंगाखाली भगवा रंग भगवा नव्हताच. पिवळे आणि गुलाबी ठिपके शेजारी शेजारी टाकलेले. सिल्कस्क्रीनचा रंग भिंगाखाली सलग, भिंतीच्या रंगासारखा दिसतो. अक्षरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या होत्या.

पण खरा धक्का पुढे होता. शेपटीच्या क्रमांकाजवळ एक बारीक वाकडी रेघ दिसली. मला वाटलं केस पडलाय. चिमट्याने काढायला गेलो तर तो निघेना, कारण तो छापलेला होता. पहिल्या शीटचा उरलेला तुकडा शोधून भिंगाखाली धरला. तिथेही तीच रेघ, त्याच वळणाची, त्याच जागी. म्हणजे कुणाची तरी मूळ शीट स्कॅनरवर ठेवली, काचेवर केस होता, तो तसाच स्कॅन झाला आणि मग त्याच्या प्रती निघत राहिल्या. शीटच्या कोपऱ्यात मूळ निर्मात्याचं नाव असतं, तो भाग कापलेला होता. मला पाठवलेला सुंदर फोटो त्या मूळ शीटचा होता.

मला पैशांपेक्षा याचा जास्त राग आहे. भारतीय खुणा अचूक काढणारी माणसं मोजकी. जुने फोटो जमवून, अक्षरांची उंची मोजून ती काम करतात. त्यांची वर्षांची मेहनत कुणीतरी स्कॅनरवर उपडी घालतो आणि वर गिऱ्हाइकालाच नवशिका ठरवतो.

मी दोन्ही शीटचे भिंगातून काढलेले फोटो त्याला पाठवले. दोन निळ्या खुणा दिसल्या, मग ब्लॉक. दुसऱ्या दिवशी त्याचं पानही गायब. बँकेने सांगितलं की व्यवहार मी स्वतः केला आहे, त्यामुळे बँक काही करू शकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली, आणि सायबर फसवणुकीच्या १९३० वरही. पैसे अजून आलेले नाहीत. सगळे संवाद, पावती आणि दोन्ही शीट जपून ठेवल्या म्हणून तक्रार करता तरी आली. तुम्हीही ब्लॉक होण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून त्या शीटचा एक कोपरा काळ्या कागदावर लावून काढलेला फोटो मागा. पांढरा पांढराच दिसला पाहिजे. खरा विक्रेता दोन मिनिटांत पाठवतो, मी आता ज्यांच्याकडून घेतली त्यांनी न कुरकुरता पाठवला. शीट हातात आली की आधी भिंग. नुसत्या ठिपक्यांवरून कुणाला चोर म्हणू नका, काही प्रामाणिक लोकही डिजिटल छपाई करतात, पण ते तसं सांगून विकतात आणि किंमतही तशीच घेतात. अख्ख्या शीटवर खुणांना धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म एकच सलग असली तरी तेवढ्याने ती बनावट ठरत नाही. मग नको असलेली एखादी छोटी डेकल कापा, जुन्या रंगवलेल्या चमच्यावर चढवा, सोल्यूशन लावा आणि रात्रभर ठेवा. शाई पसरली तर शीट विमानाजवळ नेऊच नका. पाच रुपयांच्या चमच्याने माझे तीन आठवडे वाचले असते.

आप्पांचं मिग आता पूर्ण झालं आहे. खुणा वाळल्यावर उरलेला गोंद ओल्या कापडाने पुसला, वरून ग्लॉसचा एक पातळ हात दिला, मॅट मुद्दाम मारलं नाही, कारण उघडा धातू मॅटखाली मरतो. डाव्या पंखाखाली पहिल्या वेळच्या अल्कोहोलने एक पॅनल रेघ थोडी बुजली आहे. आप्पांना ती दिसली, त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, बोलले काही नाहीत.

मिग-२१ एफएलची भारतीय शीट अलीकडे घेतली असेल तर एवढं तपासा: शेपटीच्या क्रमांकातल्या 'सी' अक्षराच्या उजवीकडे, साधारण दोन मिलिमीटरवर, आकड्याच्या उंचीएवढा एक बारीक केस, वरच्या टोकाला डावीकडे वळलेला. तो नखाने हलला नाही तर तुमची शीट त्याच स्कॅनरवरून आली आहे.