जुनं डीटीपी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर: आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यात गेली २२ वर्षं मी डीटीपी करते, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावते. स्मरणिका, कवितासंग्रह, पत्रिका. पानं लावायचं सॉफ्टवेअर २००३ सालचं, सोबत डोंगलवर (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारे मराठी फॉन्ट. विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद होणार म्हणून त्याआधीच नवा संगणक घेतला, विंडोज ११चा. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. माझ्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर जुन्या पद्धतीचा, १६-बिट निघाला; ६४-बिट विंडोजवर तो सुरूच होईना. डोंगलचा ड्रायव्हर ३२-बिट, तोही इथे चालत नाही, आणि नवा ड्रायव्हर देणारं कुणी उरलेलं नाही.

शेवटी व्हर्च्युअलबॉक्स घेतलं, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे. माझ्याकडच्या सीडीवरून त्यात ३२-बिट विंडोज एक्सपी टाकली, १ जीबी रॅम दिली आणि इंटरनेट तोडलं, कारण एक्सपीला २०१४पासून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्ये डोंगल नोंदवलं की एक्सपी सुरू होताच ते आत दिसतं. संगणक झोपेतून उठला की कधी कधी हरवतं, मग काढून परत लावते. छपाईसाठी पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान समजावणारी) फाइल काढते, शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणते आणि घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करते. प्रेसकडून एकही पान परत आलेलं नाही. वेगाबद्दलही तक्रार नाही.

पण खरं दुखणं अक्षरांचं आहे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेत. फॉन्ट नसला की पानभर नुसती चिन्हं. शिवाय मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो. ‘वि’मध्ये आधी वेलांटी, मग व; युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, नेमकं उलट. ‘धर्म’मधला रफार इथे म नंतर येतो, युनिकोडमध्ये म च्या आधी. ‘विद्यार्थी’तली दुसरी वेलांटी आणि रफार मिळून तर एकच आकार. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर इथेच अडखळतात. पहिल्या पुस्तकात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. १४० पानं ओळीवर बोट ठेवून वाचली.

ते पुस्तक एका आजींच्या ओव्यांचं होतं, २००६ साली मीच लावलेलं. आजी आता नाहीत, हस्तलिखितही घरात सापडलं नाही. नातीला नवी आवृत्ती हवी होती. ती फाइल उघडली नसती तर मी तिला काय सांगितलं असतं?

म्हणून नवं काम आता स्क्रायबस १.६ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडमध्येच करते. जोडाक्षरं नीट येतात. हात बसायला दोन महिने लागले, आणि तक्ते लावताना जुन्याची आठवण येते. एक्सपी फक्त जुन्या फाइल उघडायला ठेवली आहे. तुमच्याकडे असं काही असेल, तर जुना संगणक विकण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये काढा आणि प्रत्येक पानाची पीडीएफ ठेवा, म्हणजे निदान ताडून बघता येईल. माझ्याकडे डोंगल एकच आहे. रोज संध्याकाळी दोन फाइल काढते. सध्या २००९पर्यंत आले आहे.