लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता तिशी उलटली: इको, एमआरआय की सीटी?

फॅलोचं (हा एक जन्मजात हृदयदोष) ऑपरेशन झालेली माणसं आमच्याकडे एमआरआयला येतात ती इकोच्या रिपोर्टांची जाड फाइल घेऊन. प्रश्न ठरलेला: "इको झालाय ना, मग हे कशाला?"

पहिली तपासणी इकोच, यात वाद नाही. अर्ध्या तासात होते, स्वस्त पडते, झडपा उघडताना-मिटताना दिसतात. पण या ऑपरेशननंतर अनेकांच्या फुप्फुसाकडच्या झडपेतून रक्त वर्षानुवर्षं मागे गळतं आणि हृदयाचा खालचा उजवा कप्पा फुगत जातो. तो बसलाय छातीच्या हाडामागे, चंद्रकोरीसारखा डाव्याला बिलगून. मोठ्या माणसात हाड आणि हवेनं भरलेलं फुप्फुस आड येतं, मग रिपोर्टात "उजवी बाजू मोठी" एवढंच उरतं. एमआरआय काप घेत घेत तोच कप्पा मिलिलिटरमध्ये मोजतो. झडप बदलायची वेळ ठरवताना लक्षणांबरोबर हे आकडे पाहतात: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे भरलेला कप्पा 160 मिलिलिटर किंवा आकुंचन पावलेला 80 च्या वर गेला का.

काहींना वेगळाच जन्मजात दोष असतो: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये, वरच्या महाशिरेजवळ छिद्र. तेही साध्या इकोत निसटू शकतं. एमआरआयमध्ये ते सापडतं, शिवाय फुप्फुसाकडे जाणारं रक्त शरीराकडे जाणाऱ्याच्या किती पट आहे तेही कळतं. दीडपट किंवा जास्त असेल तर छिद्र बंद करण्याचा विचार होतो, अर्थात फुप्फुसातला दाब पाहूनच.

त्रास आहे, तो मी रोज पाहते. पाऊण ते एक तास बोगद्यात, ठकठक आवाज, पुन्हा पुन्हा "श्वास सोडा, धरा". एक ताई पाचव्या वेळेला रडवेल्या झाल्या. बाहेर घेतलं, पाणी दिलं, टेबलावर बसवून श्वास धरायचा सराव केला. दुसऱ्या खेपेला सगळं नीट पार पडलं.

सीटी काही सेकंदांत उरकतो. कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या) किंवा स्टेंटच्या आतलं पाहायचं असेल, जुना पेसमेकर आड येत असेल, तर तोच बरा. पण रेडिएशन आहे, शिरेतून द्यायचं आयोडीनचं औषध आहे, आणि ही तपासणी दर काही वर्षांनी करावी लागते. तरुण पेशंटला मी म्हणूनच एमआरआय सुचवेन.

अपॉइंटमेंट घेताना जुन्या ऑपरेशनचे कागद आणि पेसमेकरचं कार्ड असेल तर ते जवळ ठेवा, आणि विचारा: उजव्या कप्प्याचं आकारमान आणि रक्तप्रवाहाचे आकडे रिपोर्टात देता का? "नाही" म्हणाले तर दुसरीकडे जा.