शुद्धाशुद्धाचा वर्ग : सहा रविवारांचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरात एका खासगी मंडळाने प्राचीन इस्राएली धर्मातील शुद्धाशुद्धाच्या नियमांवर घेतलेला सहा रविवारांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क 600 रुपये होते आणि ते वसूल झाले, असे माझे मत आहे. काही तक्रारीही आहेत.

ज्याच्या घरात सुतक-सोयर पाळले गेले, ज्याने आईला महिन्यातले चार दिवस बाजूला बसलेले पाहिले, त्याला बायबलमधील ‘लेवीय’ या ग्रंथातील अकरा ते पंधरा हे अध्याय परके वाटत नाहीत, आणि नेमकी तिथेच गफलत होते. अशुद्ध होणे म्हणजे पाप करणे नव्हे, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावले. मृताला माती देणे हे कर्तव्यच. तरीही प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध राही आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी तांबड्या कालवडीची राख घातलेले पाणी त्याच्यावर शिंपडले जाई. ही अवस्था येते आणि जाते, तिचा मुख्य संबंध पवित्रस्थानाशी, म्हणजे देवाच्या मंदिराशी, आहे, आणि या अध्यायांत जन्मानेच कायमचा अशुद्ध ठरवलेला माणूस नाही; म्हणून आपल्या ‘विटाळ’ शब्दातला जातीचा कडवटपणा तिकडे नेऊ नये, हे त्यांचे म्हणणे मला पटले. याजकपण, म्हणजे पुरोहितपद, मात्र जन्मानेच मिळे, हे त्यांनी कोणी विचारल्यावरच सांगितले.

तिसरा रविवार सर्वांत चांगला झाला. सरांनी टेबलावर एक मडके, एक लाकडी काठवट आणि एक दगडी खल मांडला. मडके अशुद्ध झाले तर फोडायचे, लाकडाचे भांडे पाण्याने धुवायचे. दगडाला मात्र अशुद्धता लागत नाही असे पुढे मानले गेले, म्हणून जेरुसलेमच्या उत्खननात तिथल्या ज्यूंच्या दुसऱ्या मंदिराच्या अखेरच्या काळातील दगडी भांडी विपुल सापडतात. शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या, “आमच्यातबी सुतक फिटलं की मडकी बदलायची, तांब्याची भांडी घासून घ्यायची.” घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसला, तर याजक तपासायला येण्यापूर्वी घर रिकामे करावे, म्हणजे आतले सामान अशुद्ध ठरणार नाही, हा नियम ऐकताना मला श्रावणात ओल धरणाऱ्या आमच्या माळवदाच्या भिंती आठवल्या. गरिबाच्या चार भांड्यांची एवढी काळजी धर्मशास्त्रात असेल, असे वाटले नव्हते.

स्नानकुंडाच्या, म्हणजे मिकवेच्या, चर्चेत एका शेतकरी गृहस्थांनी टँकरचे पाणी चालेल का, असे विचारले. भरून आणलेले पाणी चालत नाही, पावसाचे आपोआप साचलेले किंवा झऱ्याचे चालते, असे उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, “मग उन्हाळ्यात आमचं अवघडच आहे.”

शेवटचा भाग घाईत उरकला. मुलगा झाल्यास आईचे शुद्धीकरणाचे दिवस एकूण 40 आणि मुलगी झाल्यास 80, असे का, या प्रश्नावर ‘वेगवेगळी मते आहेत’ एवढेच उत्तर आले. वर्गात निम्म्याहून अधिक स्त्रिया असताना ती मते मांडायलाच हवी होती. पाहुणे वक्ते तर सगळेच नियम आरोग्यासाठी होते म्हणून मोकळे झाले. रोग बरा करणे हे याजकाचे कामच नव्हते, तो फक्त पाहून निर्णय देई, हे सरांनी शिकवलेले त्यांच्या कानावर गेले नसावे. आजच्या स्थितीवर मात्र मोजके पण नेमके सांगितले गेले: इसवी सन 70 मध्ये मंदिर पडल्यावर बहुतेक नियमांना जागाच उरली नाही, तरी परंपरा पाळणाऱ्या ज्यू स्त्रिया पाळीनंतर मिकवेत स्नान करतात आणि कोहेन, म्हणजे याजकांच्या, कुळातले पुरुष आजही कब्रस्तानात जाण्याचे टाळतात.

टिपणांच्या झेरॉक्स फिक्या होत्या आणि मागच्या रांगेत आवाज पोहोचत नव्हता. पुढच्या वर्गाला जाणाऱ्यांनी ते पाच अध्याय आधी वाचून जावे आणि पुढची जागा धरावी.