लॉनचे स्प्रिंकलर स्वतः बसवणार असाल तर आधी हे वाचा

जुळे सोलापुरात आमच्या घरापुढे छोटंसं लॉन आहे. महापालिकेचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही, म्हणून बागेला बोअरचं पाणी, तेही पाइप हातात धरून. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की गवत बघता बघता पिवळं पडतं. म्हणून पॉप-अप स्प्रिंकलर, म्हणजे जमिनीत गाडलेले आणि पाण्याच्या दाबाने वर येऊन फवारणारे, स्वतःच बसवायचे ठरवले. चर खणणं, पाइप जोडणं घरच्या माणसाला जमतं. फसवणूक झाली ती सामानात.

टाकी पहिल्या मजल्यावरच्या गच्चीत आहे, हे दुकानदाराला मी आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "साहेब, टाकीच्या प्रेशरवर मस्त उडतंय, पंप कशाला पाहिजे?" धडधडीत खोटं. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा कुठे एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो. गच्चीतली टाकी सहा-सात मीटरवर, म्हणजे दाब पाऊण किलोही नाही. पॉप-अपला साधारण दोन किलो लागतो. हे रोज तेच विकणाऱ्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. पाणी नोझलच्या बुडाशीच गळत राहिलं. तक्रार घेऊन गेलो तर त्यानेच बूस्टर पंप पुढे केला, तोही चढ्या भावाने.

पंप लावला आणि खरा प्रकार उघडा पडला. पाइपवर आयएसआयचा छाप होता, ६ किलो असंही छापलेलं. पंपाचा दाब त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. तरी लॉनच्या मधोमध माती फुगली आणि पाणी बुडबुडत वर आलं. उकरून पाहिलं तर सांधे शाबूत, पाइप मात्र अंगातच उभा चिरलेला. कापून पाहिला तर एका बाजूला भिंत जाड, दुसऱ्या बाजूला पोस्टकार्डाएवढी पातळ. छाप नखाने खरवडला तर निघून आला. त्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे आयएसआय छापाचा परवाना क्रमांक, हा छाप देणाऱ्या सरकारी संस्थेच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला, तर तो भलत्याच मालाच्या परवान्याचा. फिल्टर तेवढा बरा निघाला.

दुकानदाराचं उत्तर तयारच होतं: "माती ढकलताना दगड लागला असंल." पक्कं बिल मागितलं तेव्हा 'जीएसटी वाढेल' म्हणून त्याने चिठ्ठी दिली होती, तीवर नुसतं 'सामान' आणि एकूण रक्कम.

कृपा करून सामान घेताना छापाखालचा सीएम/एल क्रमांक दुकानातच अ‍ॅपवर तपासा. पीव्हीसी पाइप असेल तर छापावर आयएस ४९८५ हवं. गुंडाळी असेल तर बाहेरच्या वेढ्यावर जाऊ नका, आतलं टोक ओढून बघा. सांधे जोडायचं सोल्युशन चोवीस तास वाळू द्या, शेवटचा कॉक बंद करून पंप चालवा आणि तोवर चर उघडेच ठेवा. पाइप एकदा मातीखाली गेला की दुकानदार हात झटकायला मोकळा होतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि फुटलेल्या पाइपचा छाप असलेला तुकडा जपून ठेवा. माझ्या तक्रारीला मी तेच जोडलं आहे.